खेळ मोडला की वही उघडायची

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पोरांनी जे गणित पक्कं धरलं, त्यातलं निम्मं फळ्यावरचं नव्हतं, चिंचोक्यांचं होतं. ते वाक्य अंगाशी आलं. कोल्हापूर जिल्ह्यातनंच इतकी पत्रं आली की संपादकांनी पिशवी भरून घरी पाठवली. त्यातली पाच घेतली आहेत. पहिल्यावर मी जास्त रेंगाळले आहे, कारण त्यात माझीच चूक मला दिसली.

राधानगरी तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक लिहितात: आमची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून ३१ मुलं. पाढे, संख्यावाचन यासाठी सापशिडी, पत्ते, नकाशाचे तुकडे जुळवणं असं बरंच केलं. मुलं रमतात. साहेब भेटीला आले की वर्ग छान दिसतो. पण दुसऱ्या दिवशी विचारलं की पाटी कोरी. चुकतंय कुठं?

सर, तुमचं कागदावर चुकलं असेल, माझं फ्लेक्सवर छापून चुकलं होतं. पदरचे पैसे घालून मी पाच फूट बाय पाच फूट सापशिडी करून घेतली होती. शंभर घरं, प्रत्येक घरात पाढ्यातला एक गुणाकार. तिसरीचा वर्ग नुसता उड्या मारत होता. तीन दिवसांनी लक्षात आलं की पाढ्यांच्या नावानं बोंब असलेला एक गडी लागोपाठ तीन डाव जिंकलाय. मला वाटलं, फळलं! म्हटलं, "सात सक किती रं?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "खरं बाई, मला सात कुठं पडलं? सहाच पडलं की."

त्याचं बरोबर होतं. त्यानं फासा टाकला, सहा घरं मोजली, शिडी दिसली, चढला. घरात छापलेल्या गुणाकाराशी त्याचा काही संबंधच आला नव्हता. गुणाकार तिथं तोरणासारखा लटकत होता, कार्य तोरणावाचूनही पार पडत होतं. शिवाय ३१ पोरांत एकानं फासा टाकायचा आणि तिसांनी आपली पाळी कधी येते म्हणून तोंडाकडं बघायचं.

तेव्हापासून मी कुठल्याही खेळाला एकच गोष्ट विचारते. यातनं धडा काढून टाकला तर खेळ तसाच चालेल का? चालत असेल तर तो खेळ बिनधास्त मधल्या सुट्टीत खेळा, गणिताच्या तासाला नको. तुमच्या नकाशाच्या तुकड्यांचंही हेच. आपल्या जिल्ह्याचे बारा तालुके पुठ्ठ्यातनं कापून दिले तर पोरं दहा मिनिटांत जुळवतात, पण खाच बघून जुळवतात, नाव वाचत नाहीत. तोच नकाशा जुळवून झाल्यावर करवीर तालुका उचलून पाठीमागं लपवा आणि म्हणा, "याला चिकटून कोण कोण होतं, न बघता लिहा." पन्हाळा, हातकणंगले, कागल ही नावं तेव्हा कुठं डोक्यातनं बाहेर येतात.

आता जमलेला एक खेळ सांगते. हळदीकुंकवाला बायका खेळतात ती हौजी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर तिकिटं आखायची. आडव्या तीन ओळी, उभ्या नऊ रांगा. सत्तावीस घरांत पंधराच आकडे, प्रत्येक ओळीत पाच. उभ्या रांगा दशकांच्या असतात: विसातले आकडे एका रांगेत, तिसातले पुढच्या रांगेत, आणि शेवटच्या रांगेत ८० ते ९०. आकडा पुकारला की सगळ्या वर्गाचे डोळे एकदम तिकिटावर, पाळीची वाट बघणं नाही. झाकायला चिंचोके.

मी पुकारलं, "एकोणतीस." थोड्या वेळानं मागनं आरोळी आली, "बाई, वरची ओळ!" तिकीट तपासलं तर पठ्ठ्यानं चिंचोका ३९ वर ठेवलेला. शेजारची पोरगी म्हणाली, "हे एकोणचाळीस हाय." तो ऐकेना. "एकोण-तीस! तीस ऐकू येतंय की यात! मग तिसाच्याच रांगेत असणार." मी गप्पच झाले. इतकी वर्षं मी ही चूक तांबड्या शाईनं खोडत आले होते आणि ती कशी होते ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. पोराला शब्दात तीस ऐकू येतं, म्हणून ते तिसाच्या घरात शिरतं. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर हेच केलं असतं. शेवटी त्या पोरीनंच मिटवलं. म्हणाली, "आरं, त्यो तिसाच्या उंबऱ्यावर थांबलाय. आत कुठं गेलाय अजून?"

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांचं नाव 'उंबऱ्यावरचे आकडे' पडलं. हौजीत असे आठ सापडतात, एकोणनव्वदपर्यंत. एकोण म्हणजे एक उणा, हे मी आधी पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. उंबरा म्हटल्यावर बसलं. (९९ मात्र या रांगेत बसत नाही, त्याला आपण नव्याण्णव म्हणतो. हे हुशार पोरं हमखास विचारतात, तयारीत राहा.) २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. वर्तमानपत्रात भांडणाऱ्या किती जणांनी एकोणतीसवर अडलेलं पोर जवळनं बघितलं होतं, देव जाणे.

आकडे ओळखीचे झाले की पंधरा दिवसांनी पुकारा बदला. बेचाळीस म्हणू नका, "सहा साते" म्हणा, "पन्नासाला आठ कमी" म्हणा. आता गुणाकार केल्याशिवाय चिंचोका ठेवताच येत नाही. पुकारा सावकाश करा. घाईत पुकारलं की तीच पाच पोरं खेळतात.

दुसरा खेळ पावसाळ्यातला. जुलै उजाडला की कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाठ असते: ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. भिंतीवर कागदाची उभी पट्टी लावायची, फूट आणि इंच आखायचे. चिठ्ठ्या करायच्या, '१ फूट ८ इंच चढलं', '९ इंच उतरलं'. पाणी आधी वहीत चढवायचं, मग पट्टीवर. एकदा ३७ फूट ९ इंचांवर १ फूट ८ इंच चढलं. निम्म्या वर्गानं ३९ फूट ७ इंच काढलं, म्हणजे सतरा इंचांतला दहाचा हातचा नेहमीसारखा घेतला. बारा इंचांचा फूट धरला की ३९ फूट ५ इंच येतं. दोन इंचांवरनं वर्गात जी भांडणं झाली, ती मला कुठल्याही स्वाध्यायातनं लावता आली नसती.

पण इथं एक जपून. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर नदीकाठच्या गावातली एक मुलगी माझ्याकडं होती, घरात माळ्यापर्यंत पाणी गेलेली. तिनं चिठ्ठी उचलली, वाचली आणि उलटी ठेवली. "बाई, मी नाही पाणी चढवत." माझ्या हे आधी डोक्यात यायला हवं होतं, आलं नाही. मग 'उतरलं'च्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्याकडं दिल्या. हातच्याची वजाबाकी बेरजेपेक्षा अवघड, पण महिनाभर वर्गातलं पाणी तिनंच उतरवलं. तुमच्याकडची भोगावतीही खाली येऊन पंचगंगेलाच मिळते, तेव्हा तुमच्या पोरांची घरं कुठं आहेत ते आधी बघा. मन मानत नसेल तर एसटीचं वेळापत्रक घ्या, तिथं बाराच्या जागी साठ मिनिटांचा हातचा आहे.

राहिला तुमचा मुख्य प्रश्न, दुसऱ्या दिवशी कोरी पाटी का. दोन कारणं. एक, आपण धडा शिकवला की लगेच खेळ घेतो. तेव्हा सगळं ताजं असतं, म्हणून सगळ्यांना येतंय असं दिसतं. हेर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून दाखवलं होतं, की विसरणं सुरुवातीलाच झपाट्यानं होतं, मग मंदावतं. म्हणून खेळ त्याच दिवशी नको. दोन दिवसांनी घ्या, मग आठवड्यानं घ्या, पोरं थोडी विसरल्यावर. आठवायला जी ओढाताण होते ना, त्यातनंच पक्कं होतं. दुसरं कारण, खेळ संपला की घंटा होते आणि पोरं पळतात. माझा नियम होता, खेळ मोडला की वही उघडायची. पाच मिनिटं. आज मी कुठल्या आकड्याला फसलो, तेवढंच लिहायचं. साहेबांना ही पाच मिनिटं दिसायला काही छान नसतात.

फुलेवाडीतली एक आई विचारते: मुलगा चौथीत आहे. घरी आला की आज हा खेळ खेळलो, तो खेळ खेळलो एवढंच सांगतो. वह्या रिकाम्या. शाळेत जाऊन बोलू का?

ताई, बोला, पण आधी एक करा. रात्री जेवणं झाली की त्याला म्हणा, तो खेळ मला शिकव. त्यानं नियम सांगितले, तुम्ही मुद्दाम चुकलात आणि त्यानं "असं नाही गं आई, सातानं भाग जात नाही याला" असं म्हणून तुम्हाला अडवलं, तर शाळेत काम चाललंय, वही रिकामी असली तरी. नुसतंच "फासा टाकायचा आणि पळायचं" म्हणाला, तर खुशाल जा आणि बाईंना विचारा. तक्रारीच्या सुरात नको. खेळातून शिकवणं हे काही त्यांच्या एकटीचं खूळ नाही, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच ते आहे, आणि २०२३ साली केंद्र सरकारनं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' म्हणून खेळसाहित्याची पेटीही काढली. चौथीच्या मुलाला मात्र खेळाबरोबर वहीही हवी, यात मी तुमच्या बाजूची.

इचलकरंजीहून माध्यमिक शाळेतले एक सर: दर शनिवारी प्रश्नमंजूषा घेतो. तेच पाच-सहा विद्यार्थी हात वर करतात, बाकीचे टाळ्या वाजवतात.

बाकीच्यांना दुसरं काही ठेवलंयच कुठं तुम्ही! हात वर करणं बंद करा. प्रत्येकाच्या हातात पाटी द्या, आठवीच्या पोरांनासुद्धा. लाजतील एक दिवस. प्रश्न विचारा, अर्धं मिनिट कुणी बोलायचं नाही, लिहायचं, मग "पाट्या वर". एका नजरेत चाळीस उत्तरं दिसतात, आणि चुकीची सगळ्यात कामाची. तेवीस पाट्यांवर एकच चूक दिसली तर ती पोरांची नव्हे, आपल्या शिकवण्याची असते. गुण द्यायचेच असतील तर गटाला द्या, आणि उत्तर गटातल्या कुणी सांगायचं ते चिठ्ठी काढून ठरवा. म्हणजे हुशार पोरगं शेजाऱ्याला शिकवायला लागतं, स्वतःच्या स्वार्थासाठी का होईना. आपल्याकडं पेठेपेठेचा फुटबॉल बघत वाढलेली पोरं, गटासाठी जीव टाकतात.

गडहिंग्लजच्या एक विज्ञान शिक्षिका: शब्दकोडी आणि शब्दशोध यांचा उपयोग होतो का? संगणकावर कोडं बनवायला गेले तर मराठी अक्षरं फुटतात.

हातानं बनवा, चौकटीच्या वहीत. मराठी कोड्यात एका घरात काना-मात्रेसकट पुरं अक्षर बसतं, जोडाक्षरालाही एकच घर. पन्हाळा म्हणजे तीन घरं: प, न्हा, ळा. रंकाळा म्हणजे रं, का, ळा. दोन्ही 'ळा'वर एकमेकांना छेदतात. यातली गंमत अशी की शुद्धलेखन आपोआप तपासलं जातं. 'किरण' आडवा आणि 'किल्ला' उभा ठेवला, तर 'कीरण' लिहिणाऱ्याचा किल्ला बिघडतो, आणि ते तुम्ही सांगायच्या आधी त्यालाच दिसतं. ऱ्हस्व-दीर्घाची इतकी बिनबोभाट शिकवणी दुसरी नाही.

शब्दशोध मात्र मला फारसा आवडत नाही. अक्षरांच्या गर्दीतनं 'बाष्पीभवन' शोधायला बाष्पीभवन म्हणजे काय ते कळावं लागत नाही, नुसती नजर पुरते. घ्यायचाच तर शब्दांची यादी देऊ नका, खुणा द्या.

खरा उपयोग कोडं सोडवण्यात नाही, बनवण्यात आहे. धडा संपला की चार-चार जणांना दहा शब्द द्या, खुणेची वाक्यं त्यांनी लिहायची, पुस्तकातली व्याख्या उतरवायची बंदी. माझ्याकडं एकीनं बाष्पीभवनाची खूण लिहिली होती: 'धुणं वाळतं तेव्हा पाणी जातं कुठं, त्याचं नाव.' दुसऱ्या गटानं ती पाच घरं बिनचूक भरली. खुणा लिहिता येईनात तर आधी घरातली जुनी कोडी घाला. 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया', 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' ही आजीकडनं ऐकलेली असली की वस्तूचं नाव न घेता ती कशी दाखवायची, याचं वळण पोरांना आयतं मिळतं.

शिवाजी पेठेतले एक आजोबा: नातू सहावीत. दिवसभर मोबाइलवरचे खेळ, म्हणतो गणिताचेच आहेत. मला त्याच्याशी खेळता येईल असं काही सांगा, विकत आणायला न लागणारं.

आजोबा, दोन सांगते. पहिल्याला एक ते नऊ आकड्यांच्या नऊ चिठ्ठ्या लागतात. पालथ्या नव्हे, उघड्या मांडा. आळीपाळीनं एकेक उचलायची. ज्याच्या हातातल्या कुठल्याही तीन चिठ्ठ्यांची बेरीज १५ होईल तो जिंकला. बेरीज, वजाबाकी आणि समोरच्याला अडवणं, सगळं तोंडी. चार दिवस खेळून झाल्यावर त्याला कागदावर तीन ओळी लिहून दाखवा: ८ १ ६, खाली ३ ५ ७, खाली ४ ९ २. आडवं, उभं, तिरकं कुठूनही १५. अशा रेषा आठ, आणि तीन वेगळे आकडे घेऊन १५ करायच्या रीतीही आठच. म्हणजे इतके दिवस तुम्ही दोघं न दिसणाऱ्या चौकटीवर फुल्ली-गोळाच खेळत होता! हे त्याला तुम्ही सांगू नका, बघत बसू द्या.

दुसरा खेळ दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. मूळ डहाणूचे, देवळालीला शाळेत शिकवायचे. १९४९ साली त्यांनी ६१७४ या आकड्याची करामत मांडली. कुठलाही चार अंकी आकडा घ्या. अंक मोठ्यापासून लहान लावा, मग लहानापासून मोठे लावा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथंच अडकतो.

घरातली सालं घालून बघा. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते १९१७ साल घ्या: ९७११ उणे ११७९, आले ८५३२. मग ८५३२ उणे २३५८, आले ६१७४. दोनच पायऱ्या. महाराजांचं जन्मसाल १८७४ घेतलं तर सहा लागतात. नातू सहावीत म्हणजे २०१४ च्या आसपासचा असणार. २०१४ ला पुऱ्या सात लागतात: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. ज्याच्या सालाला जास्त पायऱ्या तो जिंकला, असा नियम ठेवला की तो हरणार नाही, आणि तुम्हाला हातच्याच्या सात वजाबाक्या एका बैठकीत करून मिळतील. सातव्या पायरीपर्यंतही ६१७४ आला नाही तर कुठंतरी चुकलाय हे नक्की, मग तोच मागं जाऊन चूक शोधतो. तुम्ही चष्मा पुसत बसायचं. शून्य आलं तर मात्र लक्ष ठेवा: ४२१० मधून ०१२४ वजा करायचे असतात, पोरं नुसते १२४ लिहितात आणि अंक एक घर सरकवून बसतात.

आणि ११११, २२२२ असले आकडे घेऊ देऊ नका. वजाबाकी शून्य येते, आणि पोरगं म्हणतं, "आजोबा, एकाच पायरीत संपलं, आता मोबाइल द्या."